रिकामं पाकीट परत द्यायचं नसतं

"ओ भैय्याजी, ठहरो! ठहरो बोला ना! हमारे में खाली नहीं देते!"

पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आई ओरडत होती. आईचं माहेर कागलजवळचं, आणि तिचा आवाज चार एकर उसाच्या पलीकडे बांधावर बसलेल्या भावाला जेवायला बोलावण्यासाठी घडवलेला. चंडीगढमध्ये लोक भांडायला उतरतानाही आधी गाडी रेषेत लावतात. अशा ठिकाणी तो आवाज म्हणजे सायरनच. समोरच्या आंब्यावरचे सगळे पोपट एकदम उडाले, ते थेट शहराच्या पार टोकाला, मनीमाजऱ्याला जाऊन बसले आणि पुन्हा कधी आमच्या सेक्टरात आले नाहीत. चौकातल्या हवालदाराने चारही बाजूंची वाहतूक थांबवली. आणि खाली, स्कूटरच्या किकवर एक पाय ठेवलेले कुरिअरवाले सोहनलालजी आमचं पिवळं पाकीट बगलेत धरून पुतळ्यासारखे उभे राहिले.

"बीबी जी, लिफाफा ही तो है," ते मान वर करून म्हणाले. "इस में खाली-भरा क्या देखना?"

"लिफाफा हो नहीं तो पातेला हो! उन लोगों ने भर के भेजा ना? फिर हम खाली कैसा भेजेगा?"

मी आईच्या मागे उभी राहून तोंड लपवत होते. मला तेव्हा पंधरावं लागलं होतं, आणि त्या वयात आई असणं हीच मुळात लाजिरवाणी गोष्ट असते. "आई, यार, ये कंपनी है! कंपनी को कोई शंकरपाळी भेजता है क्या?"

"कंपनीत माणसंच असतात की," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. दिवाळीचा डबा उघडल्याचा आवाज आला, प्लॅस्टिकच्या पिशवीची चुरचुर आली, रबरबँडचा फट्ट आवाज आला. जिना उतरून तिने सोहनलालजींच्या हातातलं पाकीट काढून घेतलं, चिकटवलेली कड सोलली, डिस्कच्या शेजारी मूठभर शंकरपाळ्यांची पुडी सारली, पाकीट परत चिकटवलं आणि उरलेल्या चार शंकरपाळ्या सोहनलालजींच्या हातावर ठेवल्या. ते खात खात गेले. माझी अब्रू त्या स्कूटरवर बसून दिल्लीला गेली असं मला वाटलं. प्रत्यक्षात काय गेलं होतं, ते मला पाच दिवसांनी कळलं.

हे पाकीट कसलं, ते आता सांगायला हवं. माझा भाचा परवा मांडी घालून बसला होता. त्याने अंगठ्याने काहीतरी दाबलं आणि चहा गाळून होईपर्यंत त्याच्या टीव्हीवर नवा कोरा गेम उतरला. मी त्याला म्हटलं, आमच्या वेळी गेम दिल्लीहून स्कूटरवर यायचा. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उंटावर बसून शाळेत जात होते. मी अजून चाळिशीला पोचलेले नाही, पण त्या नजरेने मला थेट नव्वदीत नेऊन बसवलं. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

त्या वर्षी भाऊबीजेला पुण्याचा मामा आला तो एक गेमिंगचं यंत्र घेऊन आला. बहिणीने ओवाळलं, आणि ओवाळणी भाचीला मिळाली. यंत्र होतं, पण गेम एकच होता, तो मी दोन दिवसांत संपवला. (एका दिवसात संपवला असता, पण मध्ये शाळा आली.) मामाला हे आधीच ठाऊक असावं. त्याने दिल्लीतल्या एका कंपनीचं तीन महिन्यांचं सदस्यत्वही भेट दिलं होतं. पद्धत अशी: कंपनीच्या वेबसाइटवर आपल्याला हव्या त्या गेमची यादी करायची, सगळ्यात हवा तो सगळ्यात वर. यादीतला जो मोकळा असेल त्याची डिस्क ते पिवळ्या पाकिटात घालून पाठवायचे. खेळा, हवे तितके दिवस ठेवा, मन भरलं की त्याच पाकिटात परत करा. परत पोचली की पुढची निघायची. एका वेळी एकच. म्हणजे गेम आवडला नाही तर लगेच परत पाठवायचा आणि मग रिकाम्या यंत्रासमोर बसून वाट बघायची. आणि नवा, सगळ्यांना हवा असलेला गेम हवा असेल तर अख्ख्या हिंदुस्थानातल्या पोरांच्या मागे रांगेत उभं राहायचं.

"हे परवडतं का?" बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं. परवडणं म्हणजे पैशांचं नव्हे, पैसे मामाचे होते. बाबांना म्हणायचं होतं, एवढी वाट बघून जे हातात येतं ते त्या वाट बघण्याच्या लायकीचं असतं का?

बाबा डॉक्टर होते, पण पेशंटला हात न लावणारे. आम्ही ज्या मोठ्या इस्पितळाच्या क्वार्टर्समध्ये राहायचो, तिथे नव्या औषधांच्या चाचण्या चालायच्या आणि ते औषध खरंच लागू पडलं की पेशंट आपला आपण बरा झाला, हे आकड्यांवरून ठरवायचं काम बाबांचं. मूळचे वाईचे. शांत, बारीक आवाजाचे, कानावर कायम पेन्सिल. आमच्या घरात त्यांच्या पेन्सिलीला टोक काढण्याचा आवाज आणि आईच्या फोडणीचा आवाज, हे दोनच आवाज सकाळपासून संध्याकाळपर्यंत आलटून पालटून चालायचे. मधूनमधून खालून इस्पितळाची ॲम्ब्युलन्स. आई मराठीत रागवायची, मी हिंदीत ऐकायची नाही, आणि बाबा दोन्ही भाषांत गप्प असायचे. पण एकदा का त्यांना मोजण्यासारखं काही सापडलं की ते वेगळेच व्हायचे. एकदा तर त्यांनी आमच्या प्रेशर कुकरच्या शिट्ट्यांमधलं अंतर महिनाभर लिहून ठेवलं होतं. कुकर त्यांना बघून घाबरायचा.

त्यांनी फ्रिजवर आलेख चिकटवला. "तीन महिने चाचणी घेऊ. डिस्क परत दिल्यापासून आठ दिवसांच्या आत पुढची आली, आणि ती तुझ्या यादीतल्या पहिल्या तिनांतली असली, तर परवडतं. असं बहुतेक वेळा झालं, तर सदस्यत्व पुढे चालू. नाही झालं, तर यंत्र माळ्यावर. दहावीची परीक्षा होईपर्यंत."

दहावी म्हणजे आणखी दीड वर्ष. मला ते दीड शतक वाटलं.

"आणि बाबा, फॉग पडला तर? फॉगमध्ये दिल्लीची गाडी लेट होते. ते दिवस मायनस करायचे ना?"

"नाही. धुकं सगळ्यांनाच असतं," बाबा म्हणाले, आणि इथे त्यांचे डोळे चमकले. "त्यासाठी तुलना लागेल."

तुलना शेजारीच राहत होती. खालच्या मजल्यावर ढिल्लों अंकल, हाडांचे सर्जन. देह असा की ते खुर्चीत बसले की खुर्ची नुसती अंदाजाने ओळखायची. त्यांची गुरलीन माझ्या वर्गात. माझ्याकडे यंत्र आलेलं पाहून गुरलीन अकरा दिवस रडली, त्या पाण्यावर खालच्या लॉनला दोन महिने पाणी घालावं लागलं नाही, आणि शेवटी अंकलनी तिलाही यंत्र आणि त्याच कंपनीचं सदस्यत्व घेऊन दिलं. बाबांना स्वर्ग हाताला लागला. एकच इमारत, एकच कंपनी, तोच कुरिअरवाला, तेच धुकं. त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवून एकसारखी यादी करायला लावली. आलेखावर निळी रेघ केतकी, म्हणजे मी, आणि लाल रेघ गुरलीन.

तर आईच्या शंकरपाळ्या गेल्या त्या या चाचणीच्या पहिल्याच पाकिटात.

पाचव्या दिवशी माझी पुढची डिस्क आली. यादीतली पहिली. पाकिटात एक चिठ्ठी होती, बिलाच्या पाठीवर निळ्या बॉलपेनने लिहिलेली: 'आंटी जी, वो डायमंड वाले बिस्कुट बहुत अच्छे थे। हम तीन जन हैं पैकिंग में, दो को ही मिला।' मी चिठ्ठी वाचली. गुरलीनकडे जाऊन आले. तिचं काहीच आलं नव्हतं. मग मी घरी येऊन चिठ्ठी पुन्हा वाचली, सावकाश, आणि कंपासपेटीत, डिव्हायडरच्या खाली लपवून ठेवली. बाबांनी आलेखावर निळं टिंब काढलं आणि "बरं चाललंय" म्हणाले.

चौदाव्या दिवशी गुरलीनची डिस्क आली. यादीतली अकरावी. मासेमारीचा गेम. तळ्याकाठी बसायचं, गळ टाकायचा आणि पाण्याकडे बघत राहायचं. गुरलीन बघत राहिली. मीही तिच्या शेजारी बसून दोन तास पाण्याकडे बघितलं, मैत्रीण म्हणून.

इथून पुढे मी जे केलं ते सांगताना मला लाज वाटायला हवी. वाटत नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं. "आई, चकली संपली का गं?" असं शुद्ध मराठीत विचारलं. आईने हातातलं उलथनं खाली ठेवलं. आलू पराठा आणि पांढरं लोणी यांशिवाय दुसऱ्या कशाकडे न बघणारी पोरगी चकली मागते, तीही मराठीतून. तिला वाटलं, परमुलखात काढलेल्या पंधरा वर्षांचं सार्थक झालं. तिने मला भाजणी भाजायला शिकवलं, सोऱ्या धरायला शिकवलं. माझी पहिली चकली इतकी कडक झाली की ढिल्लों अंकलनी ती ऑपरेशनला वापरायला मागितली. पण मी चिकाटीने शिकले. पिशवीचं तोंड मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून बंद करायचं, म्हणजे तेल बाहेर येत नाही आणि डिस्कला डाग लागत नाही, हेही मीच शोधून काढलं. आई प्रत्येक पाकिटात काही ना काही घालायचीच. ते तिच्या लेखी दार उघडं असेल तर लावून घेण्याइतकं साधं होतं. मी फक्त काय घालायचं, तेवढं सुचवत गेले.

कारण चिठ्ठ्या येत होत्या. 'चकली ए-वन।' 'थोड़ा तीखा हो सकता है क्या?' तिखट म्हटल्यावर आईचा चेहरा कसा झाला, तो मी विसरणार नाही. पंजाबात आल्यापासून कुणी तिच्याकडे तिखट मागितलं नव्हतं. तिने मनीमाजऱ्याच्या बाजारातून चुरमुरे आणि शेंगदाणे आणले, माहेरची चटणी काढली, लसूण ठेचला आणि भडंग केलं, जसं तिकडे करतात तसं. मोहरी तडतडली आणि आमच्या जिन्यात तिन्ही मजल्यांवर माणसं खोकायला लागली. ते भडंग दिल्लीला गेलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. अक्षर वाकडंतिकडं, कागदावर पाण्याचे दोन डाग: 'आंटी जी, रो रहे हैं और खा रहे हैं।' सोबत यादीतला पहिला गेम, जो तेव्हा लखनौपासून लुधियान्यापर्यंत कुणाला मिळत नव्हता.

आईला मी चिठ्ठ्या वाचून दाखवायची. "कुठली कुणाची पोरं, घरापासून लांब," ती म्हणायची आणि पुढच्या पुडीत एक मूठ जास्त टाकायची. बाबांना तिने कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, हे तिला सुचलंच नाही. आणि बाबा? बाबा टेबलाशी बसून तेच भडंग खात खात आलेख काढायचे. निळी रेघ वर, लाल रेघ खाली. त्यांच्या आयुष्यात दोन रेघांमध्ये एवढं अंतर कधी पडलं नव्हतं. कुठल्याच औषधाने त्यांना ते सुख दिलं नव्हतं. फक्त कारण सापडत नव्हतं. त्यांनी सगळं तपासलं. मजला, पाकिटाची घडी, वार. शेवटी त्यांना दिसलं की आमचं पाकीट नेहमी सकाळी अकराच्या आत जातं आणि ढिल्लोंचं दुपारी. (आमचं लवकर जायचं, कारण सोहनलालजी आता आमच्याकडे चहा-चकलीला आधी यायचे. पण हे आलेखावर कुठे दिसणार?)

डिसेंबरातल्या एका रविवारी, लॉनवर सगळं कॅम्पस ऊन खात बसलं होतं. आमच्याकडे थंडीत रविवार असाच जायचा: प्लॅस्टिकच्या खुर्च्या बाहेर, शेंगांची टरफलं, किन्नू संत्र्यांच्या सालींचा वास, मफलर गुंडाळलेले प्रोफेसर. बाबा उठले. बाबा, जे कधी लग्नातही फोटोसाठी उभे राहत नाहीत, ते उठले आणि सगळ्यांना आलेख दाखवून म्हणाले की पाकीट अकराच्या आत परत दिलं तर ही योजना निश्चित परवडते. "आंकड़े झूठ नहीं बोलते," असंही म्हणाले.

बाबांचा शब्द कॅम्पसमध्ये शेवटचा होता. त्यांनी हो म्हटलं तरच इथे औषधं बाजारात जायची. सहा घरांनी त्या आठवड्यात सदस्यत्व घेतलं. सहा घरं रोज सकाळी पावणेअकराला पाकीट घेऊन गेटवर उभी राहायला लागली, मुलं शाळेत असली तर प्रोफेसर स्वतः, स्वेटरवर शाल पांघरून. आणि सहाही घरांत, पंधरा पंधरा दिवसांनी, मासेमारीचा गेम आला. त्या जानेवारीत आमच्या कॅम्पसमध्ये एवढे मासे पकडले गेले की सुखना लेकमधले मासे भीतीने गाळात जाऊन बसले. धुकं तर असं पडलं की मी खिडकीतून हात बाहेर काढला तर कोपराच्या पुढे कुणाचा हात आहे ते समजत नव्हतं. आणि तरी त्या धुक्यातून माझं पिवळं पाकीट पाचव्या दिवशी येतच होतं.

याच सुमाराला नव्या वर्षाचा ड्रॅगनवाला गेम आला. शाळेत दुसरा विषय नव्हता. आणि माझ्या चिठ्ठीत लिहिलेलं होतं: 'ड्रैगन वाला अगली बार आपको पक्का। संक्रांत पे तिल के लड्डू बनते हैं क्या आप लोगों में?' बनतात क्या! मी स्वतः गुळाचा पाक करताना हात भाजून घेतला. लाडू वळून झाले, पिशवी मेणबत्तीवर बंद झाली, पाकीट सोमवारची वाट बघत दाराशी ठेवलं.

आणि त्या शनिवारी दुपारी मी बाबांना टेबलाशी बसलेलं पाहिलं. त्यांच्यासमोर फ्रिजवरचा आलेख होता. पेन्सिल कानावर नव्हती, हातातही नव्हती. चार-पाच दिवस ते नीट जेवत नव्हते, हे मला माहीत होतं, पण ड्रॅगनच्या नादात मी ते बाजूला सारलं होतं. आई समोर बसून त्यांना विचारत होती, "अहो, पण ऑफिसचं का थांबवलंत?"

"त्या नव्या औषधाच्या चाचणीचा अहवाल द्यायचा होता," बाबा म्हणाले. "तीन वर्षांचं काम आहे. सही करायची राहिली होती. नाही केली. म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी तपासू दे."

"का पण?"

"अगं, इथली आठ घरांची पाकिटं मला मोजता येत नाहीत. सहाच्या सहा ठिकाणी उलटं निघालं. कुठेतरी मीच चुकीचं वाचतोय. तिथे पाकिटं नाहीत, माणसं आहेत."

ते रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते तसं म्हणाले, जसं एखादा माणूस चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगतो. मी माझ्या खोलीत गेले, कंपासपेटी उघडली, बंद केली. माळा डोळ्यांसमोर आला, त्यावरच्या जुन्या सुटकेसा, दीड वर्ष. ड्रॅगन आला. त्याने माझ्याकडे बघून एक मोठी ज्वाळा सोडली. मी कंपासपेटी पुन्हा उघडली.

दुसऱ्या दिवशी लॉनवर ढिल्लों अंकल उभे होते. उन्हात त्यांची सावली शेजारच्या सेक्टरपर्यंत गेली होती. "डॉक्टर साब," ते म्हणाले, रागाने नव्हे, हसतच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मेरी कुड़ी दो महीने से मछली पकड़ रही है। अब तो जी घर में बदबू आने लगी है। आपके ग्यारह बजे का क्या हुआ?"

सगळे हसले. बाबा उभे राहिले. "ढिल्लों साहब, मैंने फिर से देखा है। गिनती ठीक है। मुझे लगता है मैं ही..."

"बाबा गलत नहीं हैं!" मी ओरडले. आईचा आवाज माझ्यात आहे हे मला त्या क्षणी कळलं. किन्नूच्या साली हवेत उडाल्या. "ग्यारह बजे का कुछ नहीं है! भडंग है! भडंग!"

कुणाला काही कळलं नाही. मग मी कंपासपेटी उघडून सगळ्या चिठ्ठ्या बाबांच्या हातात दिल्या आणि मराठी, हिंदी, पंजाबी, जी आधी तोंडात येईल तिच्यात, सांगून टाकलं. शंकरपाळी, चकली, पॅकिंगमधले तिघे जण, उद्या जाणारे तिळाचे लाडू, सगळं. लपवलं मी, आईने नाही, हेही.

बाबांनी चिठ्ठ्या एक एक करून वाचल्या. 'रो रहे हैं और खा रहे हैं' ही दोनदा वाचली. "पहिली कधीची?" त्यांनी मला मराठीत विचारलं.

"पहिल्याच पाकिटाची."

"म्हणजे सुरुवातीपासूनच." त्यांनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला, परत घातला. मला वाटलं, आता मला रागावतील. ते लोकांकडे वळले आणि म्हणाले, "मेरा नतीजा गलत था। वक्त का इससे कोई लेना-देना नहीं। आप सबको मेरी वजह से तकलीफ हुई, माफ कीजिए।" प्रोफेसर माणूस भर लॉनवर माफी मागतो, हे त्या कॅम्पसने आधी पाहिलं नव्हतं. शेंगा फोडणारे हात थांबले.

मग ढिल्लों अंकल हसायला लागले. ते हसले की जमीन हलायची. हसता हसता त्यांनी बाबांना मिठी मारली, त्यात बाबा काही वेळ दिसेनासे झाले. आई मात्र खरोखर गोंधळली होती. "अहो, पण यात एवढं काय झालं?" ती सगळ्यांना विचारत होती. "मग काय रिकामं पाठवायचं होतं?" आणि ढिल्लों आंटी शेजारणीकडे झुकून म्हणाल्या, "नी, असी पिन्नियां भेजांगे. देसी घ्यो दियां." त्या आठवड्यात कॅम्पसमधल्या प्रत्येक पिवळ्या पाकिटातून तुपाचा वास सुटला होता. ड्रॅगन पहिल्यांदा गुरलीनकडे आला. मी लाडू पाठवले होते, पण पिन्नीपुढे, त्या तुपातल्या कणकेच्या गोळ्यापुढे, तिळाच्या लाडवाचं काय चालतं! ती कंपनी पुढे लवकरच बंद पडली. लोक म्हणतात, घरोघरी वेगवान इंटरनेट आलं म्हणून. माझं ठाम मत आहे की पॅकिंगमधली ती तीन माणसं तुपाने इतकी सुस्त झाली की त्यांना पाकिटं उचलवेनात.

बाबांनी दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, अहवालावर सही केली. मी त्या संध्याकाळी यंत्राच्या वायरी गुंडाळल्या, ते खोक्यात घातलं, माळ्याखाली खुर्ची ठेवली आणि खोकं हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. ते जेवत होते. किती तरी दिवसांनी दुसरी भाकरी मागून घेतली होती त्यांनी.

"बाबा, तीन महिने झाले," मी म्हटलं. "मग परवडतं की नाही?"

त्यांनी घास गिळला, वर पाणी घेतलं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "पहिल्यापासून मोजावं लागेल."